प्रतिवादी क्रमांक पाच

समन्समध्ये माझं नाव पाचव्या ओळीत आहे.
मालन भ्रतार ज्ञानू गिड्डे, वय अंदाजे साठ,
धंदा घरकाम.
अंदाजे बरोबर. माझ्या जन्माची नोंद
कुणी ठेवली नाही, गायीच्या वेतांची होती.

माझ्या नावावर अकरा गुंठ्यांचं अतिक्रमण आहे.
त्या रानात मी सत्तावीस वर्षं पाय ठेवला नाही.
हक्कसोडवर सही केली तेव्हा
दोन साड्या मिळाल्या, एक जरा बरी होती.
पण तलाठी बदलून गेला, फेरफार राहिला,
आणि सातबाऱ्यावर मी अजून आहे,
पाहुणा दारामागं छत्री विसरून जातो तशी.

दावा सिद्धनाथाच्या ट्रस्टनं लावला.
ट्रस्ट म्हणजे धाकट्या चुलत्याची पोरं.
देवाच्या नावानं खातं, खात्याच्या नावानं वकील.
देव येरळेकडं तोंड करून बसलेला,
त्याला कुणी नोटीस दिली नाही.

चौदा वर्षं.
वादी मेले, वारस लागले, एक-अ, एक-ब, एक-क.
बाराखडी पुढं सरकत गेली, बांध तिथंच.
कोर्ट कमिशनर येऊन यंत्र लावून गेला,
मूळ खूण कुठं म्हणाला,
तेव्हा सगळे आपापल्या चपलांकडं बघत राहिले.

तासगावच्या कोर्टात पंखा फिरतो, वारा येत नाही.
टायपिस्ट पोरगी म्हणाली, मावशी, सावकाश सांगा.

मी सावकाश सांगितलं.
चिंचेपासून उगवतीला चौदा पावलं, तिथं दगड होता.
दगडाखाली कोळसा पुरलेला,
कारण कोळसा कुजत नाही.
हे आण्णांनीच मला सांगितलं,
ज्या रात्री त्यांनी तो दगड उपसला.
पहारीचा आवाज होऊ नये म्हणून
तिला माझ्या जुन्या परकराची चिंधी बांधली होती.
कंदील माझ्या हातात. मी नऊ वर्षांची.
दगड देवाच्या रानात गेला,
कोळसा घाईत तिथंच राहिला.

साहेबांनी कोर्टाच्या मराठीत घेतलं:
हे म्हणणे खरे आहे की, मयत वडिलांनी
हद्दीची खूण हलवली.
आण्णांचं एवढंच झालं.
बहात्तर साल घेतलं नाही. लाल मिलोची भाकरी घेतली नाही.
आमच्या विहिरीला कातळ लागला होता
आणि पाझर होता चार हात पलीकडं,
तेही घेतलं नाही. कुणी विचारलं नव्हतं.

मग भावाचा वकील उठला.
माहेरी मान मिळाला नाही म्हणून खोटं सांगता?
हे म्हणणे खरे नाही की, मी खोटे सांगते.
खाली सही केली.
वाचून केलेली ही माझी पहिली सही.

बाहेर चहाच्या गाड्यावर अधिकदादा पाठमोरा उभा.
माझ्या चहाचे पैसे त्यानंच दिले,
वळला नाही.

कवठ्याची एसटी पावणेपाचला.
बेदाण्याच्या शेडवरून गंधकाचा वास खिडकीतून आत,
डोळे चुरचुरले, बरं झालं, निमित्त मिळालं.

येत्या मंगळवारी खणणार आहेत.
कोळसा निघाला तर भाऊ हरला,
नाही निघाला तर मी खोटी.
तरी त्या रानात मला बोलावलंय,
रीतसर, शिक्का मारून, खूण दाखवायला.

रात्री अंगणात चालून बघितलं. चौदा पावलं.
तुळशीपासून पार गोठ्यापर्यंत गेले,
आणि मग ध्यानात आलं,
ती मोजली होती नऊ वर्षांच्या पायांनी.