दारापाशी, उजेडात

व्हर्लिन टॅकेटला लाल आणि हिरवा एकच दिसतो.
हे त्यानं मला तिसऱ्या वर्षी सांगितलं,
होडी सोडताना, पाठमोरा,
हवापाण्याचं बोलावं तसं.
विसाव्या वर्षी रेल्वेनं त्याला परत पाठवलं होतं,
सिग्नलच्या दिव्यांची परीक्षा, दोन मिनिटांत नापास,
आणि तो केंटकीतल्या याच तळ्यावर आला,
बर्नसाइडच्या धक्क्यावर.
मासे कुणाचे डोळे तपासत नाहीत, म्हणाला.

त्याच्या पेटीत दोनशेच्या वर आमिषं.
रबरी किडे, पत्र्याचे चमचे,
पोटाशी गळ लटकवलेल्या लाकडी मासोळ्या.
कप्प्याकप्प्यावर चिकटपट्टी
आणि तिच्यावर ओनीडाच्या अक्षरात रंगाचं नाव.
पाण्यानं शाई गेली.
ओनीडा आता सॉमरसेटच्या वृद्धाश्रमात असते.
तिला रंग आठवतात. व्हर्लिन नाही.

मी सांगलीच्या साडीवाल्याचा मुलगा.
इंग्रजीत माझ्यापाशी हिरवा आहे, गडद हिरवा आहे,
पुढे अजून गडद हिरवा.
म्हणून पट्ट्यांवर मी आमचीच नावं लिहिली,
त्याला वाचता येतील अशा लिपीत.
पोपटी. शेंदरी. आमसुली. मोरपंखी.
आणि तो भोपळ्याच्या सालीचा कळकट रंग,
जो आम्ही "कोण नेसणार हा" म्हणत
खालच्या फळीवर सारायचो,
इथे आधी तोच संपतो.

बाबा गिऱ्हाइकाला सांगायचे,
ट्यूबलाइटवर जाऊ नका वहिनी, दारापाशी नेऊन बघा.
आतला जांभळा रस्त्यावर निळा निघतो.
व्हर्लिनचं दार म्हणजे पाणी.
निवळशंख असेल, तळाचे गोटे मोजता येतील,
तर अंगचोर रंग. राखाडी, आरपार,
काठाला जर असावी एवढीच चमक.
ढग भरले, पाणी चहाच्या रंगाला आलं की पोपटी.
खोल सोडायचं तर शेंदरी विसर:
पंधरा-वीस फुटांखाली लाल पोचत नाही,
काळा होऊन बसतो.
हे सगळं त्याला पाठ आहे,
आणि त्यातलं काहीच त्यानं पाहिलेलं नाही.

एप्रिलमध्ये तीन दिवस सलग कोसळला.
ओढ्याच्या तोंडाशी पाणी ताकातल्या पिठल्यासारखं,
हात बुडवला तर बोटं दिसेनात.
मी शेंदरी लावलं, पोपटी लावलं,
दोन्ही मिळून केलेलं एक भडक, वरातीचं, तेही लावलं.
सकाळ गेली.
व्हर्लिननं पेटीत न बघताच हात घातला,
चाचपून एक काळं काढलं, जाड,
पात्याला थरथर असलेलं.
गढुळात मासाही माझ्यासारखाच, म्हणाला,
त्याला फक्त आहे आणि नाही एवढंच कळतं.
पावसानंतर मी कुणाला विचारत नाही.

दोन वितींचा बास निघाला, हिरवट, रागीट.
मी म्हटलं, आमच्यात एखाद्याला पाण्यात पाहतात,
म्हणजे त्याच्याशी उभं वैर असतं.
तो म्हणाला, मग काय,
दीड वर्षं ह्यालाच बघतोय.
आणि सोडून दिला.

रविवारी तो एका आमिषाचे गळ पकडीनं काढतो,
रुमालात गुंडाळून सॉमरसेटला नेतो.
एकदा मीही गेलो.
ओनीडा उठली, ते खिडकीपाशी घेऊन गेली,
वळवून वळवून बघत राहिली,
न घेणाऱ्या गिऱ्हाइकासारखी,
इतका वेळ की मला बाबांची बसकी गादी आठवली.
मग म्हणाली, निळं.
ते पोपटी होतं. लख्ख पोपटी.
मी काही बोललो नाही.

गाडीत बसल्यावर व्हर्लिननं पेटी मांडीवर घेतली,
माझी पट्टी नखानं सोलली,
नवी लावली, तिचा शब्द लिहिला,
फुंकर मारून शाई वाळवली.

आता तो निळं मागतो
तेव्हा मी पोपटी देतो.