डावखुरा

आबांची पेटी म्हणजे डालड्याचा चौकोनी डबा,
झाकणाला सायकलच्या ट्यूबचा पट्टा.
वर सांडस, मग कानस, हातोडी,
खिळ्यांची पुरचुंडी,
आणि तळाशी तेलकट फडक्यात खूर तासायचा सुमतराश.

आबा डावखुरे.
'शब्दातच खूर आहे बघ,' म्हणायचे,
'हा धंदा आपल्याला भाषेनंच लावून दिला.'
दौलतगंजातले टांगेवाले हसायचे नाहीत.
हिंदीत तो विनोद खब्बू होऊन मरायचा.

कार्तिकी एकादशी झाली की ग्वाल्हेरात लग्नं सुटतात,
दावं तुटल्यासारखी.
त्या रात्री हजिऱ्याहून हरप्रसाद बघेल आला,
मागे चांदणी, तीन पायांवर.
उद्या सहाला वरात. बयाणा घेतलेला. खर्चही झालेला.
'मार्तंडभैया कहाँ हैं?'
मी खाटेकडे बोट केलं.
आबांचा डावा हात रजईवर होता
आणि रजई हलत होती.

मग मीच पाय उचलला.
गुडघ्यांत खूर, खांदा तिच्या घामट मांडीला,
हरप्रसादच्या पोराच्या हातात मोबाइलचा उजेड.
जुनी नाल टाचेकडून सोडवली, थोडी या बाजूनं, थोडी त्या,
घाईनं ओढली तर खुराची भिंत फाटते
एवढं बघून बघून ठाऊक होतं.

सुमतराश हातात घेतला तेव्हा कळलं
त्याची चोच भलतीकडे वळलेली.
चाळीस वर्षं एका डाव्या मनगटाची सवय त्याला.
माझ्या उजव्या हातात तो
देवळाबाहेर बदललेली चप्पल.
पहिली ढलपी तिरकी गेली. चांदणीनं पाय झटकला.
हरप्रसादनं मोठ्यानं रामाचं नाव घेतलं.

खाटेवरून आवाज आला,
'ओढू नकोस. लोट.'

लोटलं.
शिळ्या भाकरीसारखा वरचा तळ सुटला,
खाली ओल्या खोबऱ्याचा रंग,
आणि पुतळीच्या कडेला एक खडा, हरभऱ्याएवढा,
त्याच्यामागून काळं पाणी. वास.
चांदणीनं असा श्वास सोडला
की गल्लीतली कुत्री उठून बसली.

'अब ठोक दो,' हरप्रसाद म्हणाला.
मी नाही म्हटलं.
मीठ-पाण्यात पाय, वर पोत्याची पट्टी, पंधरा दिवस नाल नाही.
तो काय काय बोलला ते इथं लिहीत नाही.
नवरदेव म्हणे भावजीच्या बुलेटवरून गेला
आणि फोटो चांगले आले.

'हातोडी?' आबांनी अंधारात विचारलं.
'डब्यातच आहे.'
'हं,' म्हणाले, आणि कुशीवर वळले.

पंधरवड्यानं तो आला, न बोलता. मी सात खिळे मारले,
चार बाहेरून, तीन आतून.
खिळा नीट चालला तर खणखणतो,
जिवंत मांसाकडे वळला तर बोबडा होतो;
सहावा जरा बोबडा वाटला, काढून पुन्हा मारला.
हरप्रसादनं पैसे मोजून दिले, दहा कमी.

लोहिया बाजारातून मी उजवा सुमतराश घडवून आणलाय.
मूठ अजून टोचते.
आबांचा विकायचा नाही, डब्यातच असतो,
कारण प्रत्येक खुराला एक कोपरा असतो
जिथं माझा हात पोचत नाही.
तिथं तो काढते,
आणि लोटते.