सात मिनिटांचा खांब

देओलिंदानं जेवणाच्या सुट्टीत सांगितलं,
"बेल्मिरो, तो अजून तुला वळसा घालतो."
कोण?
"तोच, चपटा. तुझ्या जागी आलेला."

माझी उकळणीला बदली होऊन तेव्हा दीड महिना झाला होता.
इथं बुचाच्या साली कढत पाण्यात तासभर पडून असतात,
वाफेनं चष्मा आंधळा होतो,
अंगाला ओल्या रानाचा वास येतो,
बायकोला तो आवडतो, असं ती म्हणते.

त्याआधी एकतीस वर्षं गोदामात गाडा ओढला.
बुचांची पोती: फुगीर, हलकी, फसवी,
एकेका पोत्यात हजारो बाटल्यांची तोंडं बंद.
गाड्याचं उजवं चाक कुरकुरायचं, माझा डावा गुडघा;
दोघांत मिळून तेलाची एक कुपी पुरायची.

बघायला गेलो.
तो आला, पाठीवर चार पोती,
कडेनं निळा उजेड, सरळ, अगदी सरळ,
आणि तिसऱ्या दारापाशी,
जिथं काही म्हणजे काही नव्हतं, घासलेली फरशी फक्त,
तिथं थबकला
आणि त्या काहीच-नाहीला
जपून, अंग चोरून, वळसा घालून गेला.
"दिवसाला दोनशे वेळा," देओलिंदा म्हणाली,
"बुचं निवडता निवडता मोजलंय मी."

पोर्तोहून व्हानिया आली,
लेकरू घ्यावं तसा लॅपटॉप कडेवर.
पडद्यावर आमचं गोदाम:
भिंती म्हणजे रेघा, खांब म्हणजे ठिपके.
बारा खांब.
आणि तेरावा, जरा पोक काढलेला.
"पहिल्या दिवशी त्याला सगळीकडे फिरवून आणलं.
जे हललं नाही, ते त्यानं इमारतीत धरलं.
तुम्ही उभे होतात का इथं?"

होतो.
गुडघ्यानं संप केला होता त्या सकाळी.
गाड्याला टेकलो होतो, सात मिनिटं, फार तर आठ,
फोरमन अदेरितुची पाठ होती म्हणून.
एकतीस वर्षं हललो, त्याची नोंद कुठंच नाही.
थांबलो, तेवढंच लिहिलं गेलं.

हसू आलं. मग गेलं.

माझा बाप आलेंतेजूत कुऱ्हाड चालवायचा.
तिकडे झाडाची साल काढली की
त्याच उघड्या अंगावर साल लिहितात,
पांढऱ्या रंगात, शेवटचा एकच आकडा.
मग नऊ वर्षं त्याला कुणी हात लावायचा नाही.
नऊ वर्षं!
माझा गुडघा तेवढा टिकायचा नाही.

"पुसू?" व्हानियानं विचारलं.
"रबर आहे त्यात?"
"आहे. वळसा गेला तर दिवसाला अकरा मिनिटं वाचतील."
मला सात चोरावी लागली होती.
पूस, म्हटलं. मी काही मेलेलो नाही.
उकळणीला असतो, हवा असलो तर.
पोत्यांआडून देओलिंदा ओरडली, "थोडा ठेव की!"
थोडा म्हणजे काय, पाय?

सोमवारपासून तो आमच्या दाराशीही येतो.
"कृपया वाट द्या," म्हणतो,
आवाज बाईचा, तोही ब्राझीलच्या;
इथल्या गावातली एक बाई मिळाली नाही यांना.
मी वाट देतो, तरी तो हलत नाही.
समोर वाफ असते, तिला तो भिंत समजतो.
उभा राहतो, भार घेऊन, निळा,
कुणाची पाठ आहे की नाही हे न बघता.
मी कढईवर झाकण ओढतो.
भिंत विरते. तो जातो.

परवापासून त्याचं मागचं चाक बारीक कुरकुरतंय.
व्हानियाला फोनवर सांगितलं.
ती म्हणाली, ते सीलबंद असतं,
तेल घालायची त्यात सोय नाही.
कुपी माझ्या खिशात होती.
तिथंच राहू दिली.