शब्दार्थाची वही

दर गुरुवारी दिवेलागणीला
साक्रीच्या पत्र्याच्या प्रार्थनालयात मी शब्द शिकवतो.
पाळक नाही मी. पोस्टातून निवृत्त.
चौतीस वर्षं लोकांची पत्रं वाटली,
आता पौलाची वाटतो,
करिंथ, गलती, फिलिप्पै,
पत्ते अपुरे, तरी पोचतात.

समोर बाप्तिस्म्यासाठी बसलेले नऊ जण.
वहीत डावीकडे शब्द, उजवीकडे जागा कोरी.

'दाखला' म्हटलं की बुधा मालचे
खिशातून प्लास्टिकची पिशवी काढतो:
जातीचा आहे, उत्पन्नाचा तहसीलमध्ये अडकलाय.
तसला नव्हे, मी म्हणालो, ही गोष्ट असते,
पेरणाऱ्याची, हरवलेल्या नाण्याची.
"मंग शिक्का कोन मारस?"
विचार करून सांगतो म्हणालो. अजून करतोय.

मेंढराच्या दाखल्याला सुपडू ठेलारी उठून उभाच राहिला.
नव्व्याण्णव रानात सोडून एकामागे गेला?
लांडगा काय उपास धरतो?
कान नदीच्या काठानं जन्मभर मेंढ्या हाकललेला माणूस,
त्याला मी काय सांगणार.
शेवटी त्यानंच देवाला सांभाळून घेतलं:
"त्यानासंगे भाऊ व्हई. लिखानं राही गयं व्हई."

'खमीर' कुणालाच ठाऊक नव्हतं.
पावाचं सांगितलं, जिलेबीच्या पिठाचं सांगितलं.
'बेखमीर' मात्र सांगावं लागलं नाही.
कळण्याची भाकर, दुसरं काय.

आणि 'वल्हांडण'.
या शब्दासाठी मी रात्रभर जागलो होतो,
मिसर, फारो, चौकटीवरचं रक्त.
एवढंच वाचलं, की कंबर बांधून, पायात वहाणा घालून
घाईघाईनं खा, रात्रीच निघायचंय,
तर बायका एकमेकींकडे बघू लागल्या.
दिवाळी सरली की मुकादमाचा ट्रक असाच रात्री येतो,
बारडोलीकडे, ऊसतोडीला.
भाकरी फडक्यात, पोरं झोपेतच उचललेली.
फक्त, फुलाबाई म्हणाली,
"आम्हना ट्रक फारोकडेच जास."

हे उजवीकडे कसं लिहायचं?

मग 'तारण'.
फळ्यावर लिहिलं, खाली रेघ मारली.
मागून झिपाबाई, जी तीन महिन्यांत
आमेनपलीकडे बोलली नव्हती:
"तारण माले ठाऊक शे, दादा."

पतपेढीत तिची चांदीची कडी तारण आहेत,
नवऱ्याच्या दवाखान्यापायी. नवरा वाचला नाही.
कडी तिथंच, लोखंडी कपाटात,
दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली, तिच्या नावाची.
सोडवली नाहीत तर लिलाव.
आणि दुसऱ्याच कुणी पैसे भरले तर?
मी विचारलं, उगाच, पुढचं वाक्य सुचेना म्हणून.
"मंग ज्यानी भरात, त्यानंच व्हयनं."

दिवसभर तापलेला पत्रा
गार होताना तडतडत होता.
हा शब्द मी लहानपणापासून गायलो,
दुसऱ्यांच्या दफनाला वापरला,
आईच्या थडग्यावर कोरून घेतला,
कारागिरानं अक्षरामागे पैसे लावले होते.
त्याला चिठ्ठी बांधलेली असते,
सोडवणारा मालक होतो,
हे मला कुठल्याच उपदेशकानं सांगितलं नव्हतं.

वही मिटताना ती दारात थांबली,
पिशवीतून वांग्यांची देठं बाहेर आलेली.
"आन मंग तो परत मांगाले येस का?"
नाही, मी म्हणालो.
इतक्या लवकर मी कधीच कुणाला उत्तर दिलेलं नाही.
तिनं मान हलवली. पटलं का, कळलं नाही.

घरी जाताना पतपेढीचं शटर अर्धं खाली होतं,
आत दिवा चालू.
पेन्शनचं पुस्तक माझ्या खिशात.
सायकलवरून उतरलो. हिशेब केला.
पुन्हा केला.
शटर पुरतं खाली आलं तेव्हा
मी पेट्रोलपंपापाशी पोचलो होतो.

पुढच्या गुरुवारचा शब्द: कृपा.