रुमालाखालचा भाव

पाटीवर खडूनं लिहिलेलं:
सांगली दर्शन, सायकलवर. अडीच तास.
आणि खाली, वेगळ्या अक्षरात:
वाटाड्या मागं बसेल.

दोन सीटांची हिरवी सायकल,
मागच्या सीटवर आधीच ठाण मांडून
नेमगोंडा चौगुले, वय अडुसष्ट,
पांढरी टोपी, काळा चष्मा.
“डोळं न्हाईत मला,” ते म्हणाले,
जसं कुणी म्हणतं, सुट्टे न्हाईत.
“तुमाला हाईत न्हवं? मग झालं.
एका गाडीला एक जोडी पुरं.”

सकाळचे साडेसहा. मी हँडल असं धरलेलं
की ते निसटून पुण्यालाच जाईल.
“सैल सोडा की. लसणाचा वास आला का?
भडंगाची कढई. आता डावीकडं.”
मी डावीकडं वळले.
सायकल मी चालवत होते, आणि शहर ते.

गणपती पेठेत त्यांनी वखारी दाखवल्या,
म्हणजे ऐकवल्या:
बेदाण्याचं खोकं सरकतं ते असं,
हळदीचं पोतं फरशीवर पडतं ते असं.
“मिरचीच्या पोत्याला आवाज नसतोय.
तिथं हमाल शिंकतो.”
आणि खरंच कुणीतरी शिंकलं.

पुढं एका भिंतीशी थांबायला लावलं.
हात उंचावून चुन्यावर बोट फिरवलं.
“ही पाचच्या पुराची. वर, जिथं माझा हात पोचत न्हाई,
ती एकोणीसची.
आणि ही खाली, खिळ्यानं वढलेली,
पोराची उंची. चौथीत होता.
दोनदा पाण्याखाली गेली. हाय तशी हाय.”
पोरगा कुठं असतो, मी विचारलं.
“चिंचवडला. फोनवर उंची कळत न्हाई.”

मग म्हणाले, “उजव्या हाताला अत्तराचं दुकान.
घ्या वास. खस हाय.”
उजव्या हाताला मोबाईलची कव्हरं टांगलेली,
ओळीनं, चकचकीत.
मी म्हटलं, छान आहे वास.
मागून बराच वेळ नुसती साखळी वाजली.
“बारा वर्सं झाली ते दुकान जाऊन.
मी सगळ्यांना इचारतो.
कोण खोटं बोलतंय ते बघाय न्हवं.
कोण किती लवकर बोलतंय ते बघाय.”
मला पुढं बसल्याचं बरं वाटलं,
तोंड दिसत नव्हतं म्हणून;
मग आठवलं, कुणाला.

हरिपूरच्या रस्त्याला चिंचा.
गार, ऊन, गार, ऊन,
दोघांच्या पाठीवर एकामागून एक.

पेवांपाशी ते उतरले.
जमिनीच्या पोटात हळद साठवायची, अरुंद तोंडाची विहीरच.
“उघडलं की आधी कंदील सोडायचा.
इझला तर थांबायचं. माणसानं घाई केली
की त्यो बी इझतो.”
एका बुजलेल्या पेवावर त्यांनी टाच आपटली.
खालून काही आलं नाही.
दुसऱ्यावर आपटली. तिथं जरा पोकळ वाजलं.
ते हसले, ओळखीचं माणूस भेटल्यासारखे.

संगमावर पैसे द्यायला मी पर्स उघडली.
“थांबा.
चाळीस वर्सं सौद्यात हुतो मी.
भाव काय डोळ्यांनी ठरतोय?”
त्यांनी खांद्यावरचा रुमाल
आमच्या दोघांच्या हातांवर टाकला.
आत त्यांची बोटं: कोरडी, गाठाळ,
हळकुंडासारखी.
“बोला. काय भाव देताय फेरीला?”

मला ती भाषा येत नव्हती.
जी सुचली ती बोटं दाबली,
दोन, मग तीन, मग पूर्ण मूठ.
ते थबकले. पुन्हा चाचपून पाहिलं.

“ताई,” ते म्हणाले,
“एवढं परवडायचं न्हाई तुमाला.”
आणि रुमाल झटकून साडेतीनशे घेतले.

पुण्यात आता नवऱ्याचा, वाण्याचा, बसमधल्या कुणाचाही
हात हाताला लागला
की वाटतं, विचारावं:
दोन, तीन आणि मूठ म्हणजे किती?