पहिला काप

अख्खा भोपळा बाईमाणसानं चिरू नये म्हणे.
म्हणून लहानपणी आई मला हाक मारायची,
तेवढ्यापुरतीच :
"ये रे, एक काप दे."
मी विळीवर दोन्ही हातांनी भार टाकायचो,
आतून ओलसर कर्र वाजलं की माझं काम संपलं.
"जा आता खेळायला."
चाळीस वर्षं मला वाटत होतं
भाजी मीच केली.

उद्यमनगरात एकतीस वर्षं लेथवर लोखंड कातलं.
केसाएवढा फरक निघाला जॉबमध्ये
तरी रात्री डोळा लागायचा नाही.
दिवाळीत शेठनी नवं मशीन आणलं, आपोआप चालणारं,
आणि आम्हा चौघांना मिठाईचा बॉक्स देऊन
घरी पाठवलं.

वासंती सीपीआरला नर्स. सध्या नाईट.
सव्वाआठला जिना चढते,
कुठल्या पायरीवर थांबते ते मला आता पाठ झालंय.
वर येऊन चप्पल काढायची, हात धुवायची
आणि गॅस पेटवायची.
इतकी वर्षं.
मी तेव्हा कामावर निघालेलो असायचो,
डबा तयारच असायचा.

लक्ष्मीपुरीत भाजीवाली म्हणाली,
"दोघंच न्हवं तुम्ही? फोड घ्या की."
"नको, अख्खाच द्या."
तिनं बोटानं ठोकून दाखवला.
"माळ्यावरचा हाय. दोन म्हैन्याचा. जुना तेवढा ग्वाड."

पहिल्या दिवशी पाणी घातलं
आणि लगदा झाला.
शाळेत गणितात मिळायचा
तोच भोपळा, पुन्हा, पन्नाशीत.
वासंतीनं तो ताकात कालवला, वर मिरची चुरडली,
म्हणाली, भरीत म्हणून चांगलंय.

आज धुकं पार जिन्यापर्यंत आलंय.
गंगावेशीकडून दुधाच्या किटल्यांचा आवाज येतो,
किटल्या दिसत नाहीत.
कढईत तेल एक चमचा. एकच.
ती घरात नसली तरी तिचं लक्ष असतं,
दोघांच्याही रिपोर्टवर.
मेथीचे आठ दाणे, काळे पडायच्या आत हिंग,
ठेचलेला लसूण, अर्धा चमचा घरची चटणी.
फोडी सालीसकट.
झाकण म्हणून ताट, ताटात पाणी,
खालच्या वाफेनं वरचं पाणी तापतं,
लागलंच तर तेच आत, चमचाभर.
हे कुणी शिकवलं नाही.
आईच्या ताटात पाणी असायचं
एवढं आठवलं.

खिडकीची काच आंधळी झाली.
खालून रंगराव चौगुले ओरडले,
"काय शिजतंय रं, वास सुटलाय!"
"तांबडा!"
दोन मिनिटांत वाटी घेऊन दारात.
झाकण उघडून बघितलं, माझ्याकडे बघितलं.
"लेका, तांबडा भोपळा होय."
तरी वाटी भरून नेली.

सव्वाआठ. सातवी पायरी. थांबली.
आज जरा जास्तच थांबली.
जोंधळ्याची भाकरी मी थापली, तिचा आकार
कर्नाटकाच्या नकाशासारखा.
ती काही बोलली नाही. कूट अजून मागितला.
शेवटचा घास मोडताना म्हणाली,
"मेथी जळाली नाही."
आणि तिथंच, भिंतीला टेकून,
डावा हात तसाच ताटाच्या काठावर ठेवून
झोपली.

मी ताट हळूच काढून घेतलं.
परवाच्या बिया पेपरवर वाळल्या होत्या,
त्या मंद तव्यावर भाजल्या.
मोजायची सवय जात नाही.
दोनशे अकरा.
रात्री तीनला वॉर्डात भूक लागते म्हणते,
तर तिच्या अ‍ॅप्रनच्या खिशात डबीतून, रोज दहा.
एकवीस नाईट,
आणि वर एक उरली.
ती मी दाताखाली फोडली.

मीठ कमी.