उजेडाच्या टेबलावर

आमच्याकडे डिसेंबरात उजेड खालून येतो.
टेबलाच्या पांढऱ्या काचेतून, वर पसरलेल्या कॉडच्या तुकड्यातून,
माझ्या हनुवटीपर्यंत.
फिओर्डच्या कडेचा डोंगर सूर्याला
जानेवारी सरेपर्यंत डोकं वर काढू देत नाही.

मिनिटाला सात तुकडे.
मासा दुधी होतो, आरपार दिसतो,
आणि त्यात कुठेतरी
घड्याळाच्या स्प्रिंगसारखा गुंडाळलेला
एक तपकिरी जीव.
सुरीचं टोक, हलका झटका, बादली.
अकरा वर्षं.

पहिल्या आठवड्यात मला उलटी झाली होती.
स्टेनव्हर, जिची बोटं तेव्हाच सांध्यांत वाकली होती,
बर्फाचा तुकडा माझ्या मानेला लावून म्हणाली,
"घाण नाही गं ती, बोग्ना.
सीलच्या नावाने निघालेलं पत्र आहे.
चुकून आपल्या दारात पडलंय."

काल दोन घरी आणले,
रूबार्बच्या मुरंब्याच्या बाटलीत, मिठाच्या पाण्यात.
योविताला शाळेतून कागद मिळालाय:
प्राणी ओळखा, योग्य चौकटीत लिहा.
कागद आइसलँडिकमध्ये. ती मला पोलिशमध्ये विचारते
आणि लिहिताना जीभ ओठाबाहेर काढते.

पाठीचा कणा?
नाही. कणा माशाला होता,
तो यंत्राने पलीकडच्या खोलीतच काढून घेतला.
पाय? नाहीत.
चपटा? चिमटीत धर, फिरवून बघ. नाही.
अंगावर वळी, गांडुळासारखी?
थांब, भिंग आण.
नाहीत. नुसता गुळगुळीत दोरा.
मग आडवा काप घेतला तर?
तिने माझ्याच सुरीने घेतला.
गोल.

"गोलकृमी," तिने लिहिलं,
इतक्या जोरात की पेन्सिलचं टोक मोडलं.

पुढची ओळ तिने दोनदा वाचली.
देहगुहा: आभासी.
म्हणजे काय, आई?
मला कुठे ठाऊक होतं. पुस्तक उघडलं, बोट ठेवून वाचलं:
आत पोकळी असते,
पण तिला सगळीकडून स्वतःचं अस्तर नसतं.
योविताने मान वळवून
उत्तरेकडच्या भिंतीकडे बघितलं, जिला घरमालक
तीन हिवाळे झाले, आतून फळ्या लावणार आहे.
आम्ही दोघी हसलो. मग ती एकटीच हसत राहिली.

बाटलीतला दुसरा अजून वळवळत होता.
त्याला स्नायू फक्त लांबीचे, आडवे नाहीतच,
म्हणून पाण्यात पुढे सरकणं जमत नाही,
डावीकडे झटका, उजवीकडे झटका,
तिथल्या तिथे.

"हा मोठा कधी होणार?"
सीलच्या पोटात गेला तर.
"आणि माशातच राहिला तर?"
तर अळीच. कितीही वर्षं.

कागदावर याला चौकट नव्हती.
ती बराच वेळ बाटली दिव्यासमोर धरून बसली.
मग तिने बूट चढवले.

धक्क्यावर वारा कानशिलं सोलत होता.
बोटींचे दोर करकरत होते, पाणी काळं,
सील तर सोडाच, एक पक्षीसुद्धा नाही.
हे असं होत नाही गं, मी म्हणाले,
आधी सीलने मासा खायला हवा,
माशात हा हवा.
तिने ऐकलं नाही. झाकण उघडलं, ओतलं,
आणि काळोखाकडे तोंड करून
एक वाक्य मोठ्याने ओरडली,
आइसलँडिकमध्ये.
सील इथलाच ना,
त्याला पोलिश कुठून कळणार.